पुराच्या बोटीचं वजन आणि हवा खाणारा पंखा : कामाच्या नोंदी (नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५)

कुणाकडं जुनी फायबर बोट आणि मागं लटकवायची मोटर असेल, आणि थ्रॉटल दिला की मोटर नुसती किंचाळतीय पण बोट पुढं जात नसेल, तर हे वाचा. आमचे तीन महिन्यांचे रविवार आणि चौदा हजाराच्या आसपास पैसे यात गेलेत, तुमचे तेवढे तरी वाचतील.

बोट आमच्या गावच्या तालमीची. १६ फुटी फायबर, ४० एचपी टू स्ट्रोक मोटर, हातानं वळवायचा दांडा. २०२१ च्या पुरानंतर वर्गणी काढून मालवणहून सेकंडहँड आणलेली. कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीसारखंच आमचं पण गाव पंचगंगेच्या काठाला, त्यामुळं पूर आला की गाव सोडायचं हे ठरलेलंच. जुलै २०२४ ला राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची ४३ फुटाची पातळी ओलांडली तेव्हा बोट काढली, आणि भर प्रवाहात डावीकडं वळताना पंख्यानं पाणीच सोडलं, नुसती हवा खायला लागला. मोटर ओरडतीय, बोट आडवी व्हायला लागलीय, आत सहा माणसं आणि बोचकी. दोन-तीन सेकंदच, पण सगळ्यांचं तोंड पांढरं पडलं. दिवाळीनंतर ह्याचा निकाल लावायचा ठरलं. माझं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे म्हणून काम माझ्या गळ्यात.

१० नोव्हेंबर, रविवार

बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेत त्यामुळं पाणी बऱ्यापैकी तुंबलंय, ट्रायलला झकास. ग्रामपंचायतीला सांगून बोट पाण्यात टाकली. मी दांड्यावर, पुढं पुतण्या, दोघांना जॅकेट. मोटरला आरपीएम मीटर नव्हता म्हणून प्लगच्या वायरीला वेटोळं घालून चालणारा छोटा डिजिटल मीटर घेतला, ७५० रुपये. हा खर्च आधी करा, बाकी सगळं नंतर. आवाजावरून अंदाज बांधण्यात आम्ही तीन वर्षं घालवली.

फुल थ्रॉटलला मीटर ५९०० दाखवतोय, मोबाईलच्या जीपीएसवर स्पीड २६ किमी. आमच्या मोटरला ४५०० ते ५५०० च्या आत राहायला पाहिजे. पंखा १३ इंच पिचचा (पाणी घट्ट धरलं तर एका फेरीत १३ इंच पुढं जाणारा), गिअर २ ला १, म्हणजे ५९०० ला पंखा मिनिटाला २९५० वेळा फिरतोय, पाणी घट्ट असतं तर बोट ५८ किमीनं पळायला पाहिजे होती. थोडं घसरणं असतंच पण इथं निम्म्याच्या वर वाया. शिवाय बोट नाक वर करून घोड्यासारखी उड्या मारतीय, प्रत्येक उडीला मोटर एकदा ओरडते. डावीकडं वळलं की जास्तच.

माझा निष्कर्ष : पंखा खराब. (चूक. पण तेव्हा फार खात्री होती.)

१३ नोव्हेंबर

पंखा काढला, एका पात्याची कड वाकलेली, दुसऱ्याला दगड लागून खाच. शहरातल्या एकाकडं रिपेरिंगला दिला, वेल्डिंग करून पाती सरळ, १८०० रुपये. बॅलन्स मी स्वतः केला, एक शाफ्ट टर्न करून पंखा त्यावर चढवला आणि दोन घासून सपाट केलेल्या पट्ट्यांवर ठेवला, जड पातं आपोआप खाली येतं, त्याच्या पाठीमागून जरा जरा घासत जायचं, कुठंही थांबवला की तिथंच थांबला पाहिजे. दोन तास गेले. काम सुंदर झालं, उपयोग शून्य झाला.

१७ नोव्हेंबर

पंखा नवीनागत, मीटरवर आकडा तोच. ५९०० आणि २७. थरथर तेवढी कमी झाली.

मग डोक्यात आलं की पंख्याच्या आतला रबरी बुश घसरत असेल. शाफ्ट फिरतो, बुश सुटलाय, पंखा मागं राहतो, लक्षणं डिट्टो अशीच. तपासायला पैसे लागत नाहीत : आतल्या पितळी बाहीपासून बाहेरच्या ॲल्युमिनियमपर्यंत परमनंट मार्करनं एक सरळ रेघ मारायची, फुल थ्रॉटलनं एक फेरी मारून यायचं आणि बघायचं. रेघ तुटून पुढंमागं झाली तर बुश गेला. आमची रेघ जशीच्या तशी. बुश निर्दोष. ही रेघ १३ तारखेला मारली असती तर किमान पंख्यावरचा संशय तरी कमी झाला असता.

संध्याकाळी ज्यांच्याकडून बोट घेतली त्या मालवणच्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "पंख्याक कित्याक शिव्या देतंस? वजन बघ आधी." आणि एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, बहुतेक जेवायला बसले होते.

२४ नोव्हेंबर. सगळ्यात मोठा गाढवपणा

वजन बघ म्हटल्यावर मी यूट्यूब बघितलं. तिथं वेकबोटीचे व्हिडिओ. ती लोकं मागं ३४० किलोच्या पाण्याच्या पिशव्या भरतात, बोट मागं मुद्दाम बसवतात, मागं मोठी लाट उठते आणि तिच्यावर फळी घेऊन खेळतात. मला वाटलं, मागं वजन म्हणजे पंखा खोल, पंखा खोल म्हणजे हवा बंद. सोप्पं.

२०० लिटरचा निळा प्लास्टिकचा पिंप मागच्या फळीला टेकवून आडवा बांधला आणि नदीतलंच पाणी निम्मं भरलं, म्हणजे १०० किलो. निघालो. बोटीचं नाक आभाळाकडं, मला समोरचं काही दिसेना, मोटर ३४०० वर अडकली आणि वर जाईनाच, नुसती दबून गुरगुरतीय आणि धूर काढतीय. बोट पाण्यावर उचलून पळायला पाहिजे ती पाणी नांगरत निघाली. थोडं थ्रॉटल कमी करून उजवीकडं वळवली, आणि पिंपातलं सगळं पाणी एका दमात उजव्या टोकाला गेलं. शंभर किलो! बोट कलली, पंखा पाण्याच्या वर, मीटरवर ६२०० का काय ते बघायला वेळच नव्हता. पुतण्यानं थ्रॉटल आधी ओढला म्हणून वाचलो, मी दांडा धरून नुसता आ वासून बसलो होतो.

दोन गोष्टी कळल्या, दोन्ही जोरात. एक, अर्धी भरलेली टाकी हे वजन नव्हे, तो इकडून तिकडं पळणारा पैलवान आहे, भरायची तर गळ्यापर्यंत नाहीतर रिकामी. दोन, वेकबोटीचं इंजिन बोटीच्या आत असतं आणि पंखा बुडाखाली, मागच्या फळीच्या बराच पुढं. मागं दाबली तरी तो पाण्यातच राहतो. आणि ती लोकं पण नुसतं मागं भरत नाहीत, नाकाला पण भरतात, आणि मोटर दबली तर कमी पिचचा पंखा लावतात. आमची मोटर फळीच्या पाठीमागं लटकलेली, तिचा हिशेब वेगळा. व्हिडिओ अर्धाच बघितल्याचा परिणाम.

१ डिसेंबर

मग उलटं टोक. शिरोलीच्या फाउंड्रीतल्या मित्राकडून रिजेक्ट झालेली बिडाची तीन काउंटरवेट आणली, प्रत्येकी ४० किलो, फुकट, वर चहा पण त्यानंच पाजला. तिन्ही नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, ठेवली.

उड्या बंद! पहिली पाच मिनिटं आम्ही खुशीत. मग वेग वाढवला तसं नाक पाण्यात घुसायला लागलं, बोट नाकावर वळायला लागली म्हणजे मी दांडा जरा हलवला की मागची बाजू भसकन घसरायची, आणि मागची बाजू उचलल्यामुळं पंखा परत हवा खायला लागला. ५८००. त्यात एक काउंटरवेट घसरून फळीवर आदळलं, फायबरला केसाएवढी तडा.

काकांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा स्वतःहून फोन आला, मालवणीतल्या शिव्या इथं लिहीत नाही. मुद्दा हा की पुराच्या बोटीत लोखंड घालायचंच नाही. बोटीत पाणी भरलं तर पाण्याचे कॅन पाण्यात काही वजन करत नाहीत, बीड मात्र बोट घेऊन तळाला जातं. बोट स्थिर करायला भरतात त्या वजनाला जुनी तांडेल मंडळी नीरम म्हणायची म्हणे, आणि नीरम सगळ्यात शेवटी, आधी बोटीत आहे तेच वजन कुठं आहे ते शोध म्हणाले. हे त्यांनी १७ तारखेलाच सविस्तर सांगितलं असतं तर, पण असो, जेवण महत्त्वाचं.

६ आणि ७ डिसेंबर : काटा

पहिल्यांदा उसाच्या वजनकाट्यावर न्यायचं ठरवलं होतं पण हंगाम सुरू, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची ही रांग, आणि त्या काट्यावर दहा किलोचा फरक म्हणजे चिल्लर. शेवटी ओळखीच्या गुऱ्हाळातनं गुळाचे रवे तोलायचे दोन प्लॅटफॉर्म काटे मागून आणले. गुऱ्हाळवाले दादा म्हणाले न्या पण संध्याकाळी परत पाहिजेत, आणि काट्याला चिखल नको.

पद्धत अशी. चेन ब्लॉकनं बोट उचलली, दोन काट्यांवर आडवे लाकडी ठोकळे, एक नाळेच्या टोकापासून १.२ मीटरवर, दुसरा ४.४ मीटरवर. बोट लेव्हल बॉटल लावून समपातळीत. मोटर लावलेली, पेट्रोलटाकी काढलेली. पुढचा काटा १३० किलो, मागचा ३६५.

मग गुणाकार : १३० गुणिले १.२, अधिक ३६५ गुणिले ४.४, भागिले एकूण ४९५. उत्तर ३.५६ मीटर. म्हणजे ४.८८ मीटर लांब बोटीचा तोल मागच्या फळीपासून फक्त १.३२ मीटरवर. आणि हे माझ्याशिवाय, टाकीशिवाय. मी आणि टाकी दोघं बसतो तिथंच मागं. उड्या का मारते ते कागदावरच दिसलं.

पण खरा धक्का एकूण वजनाचा. काकांच्या म्हणण्यानुसार रिकामी बोट ३३० च्या आसपास, मोटर ७२. झाले ४०२. मग हे जादाचे नव्वद किलो कुणाचे?

८ डिसेंबर

फ्लोअरवर हातोडीच्या लाकडी दांड्यानं ठोकत गेलो. उजवीकडं टणटण, डावीकडं मागं धप्प. तिथं १० एमएमचं भोक मारलं आणि मळकट पिवळसर पाण्याची धार लागली, २०२१ च्या पुराचा वास असावा असा वास. फ्लोअरखालचा फोम पाणी पिऊन बसलेला. बोट नाळेकडनं उचलून ठेवली, बादल्या लावल्या. पुतण्या दर बादली मोजून भिंतीवर खडूनं रेघ मारत होता, रात्रीपर्यंत ४१ लिटर, मंगळवारपर्यंत सगळं मिळून ६७.

डावीकडं वळताना का कलायची, मागं का बसायची, ह्याचं बरंचसं उत्तर त्या बादल्यांत होतं. आम्ही २४ तारखेला ज्या जागी पिंप बांधून पाणी भरत होतो त्याच्याच खाली आधीच पाणी भरलेलं होतं.

परत तोललं (काटे परत आणले, परत दादांचं "चिखल नको"). पुढं १२२, मागं ३०६, एकूण ४२८. अजून पंचवीस-तीस किलो कुठंतरी मुरलंय, कुजका फोम थोडा कापून काढला, बाकी उन्हाळ्यात.

१५ डिसेंबर

फ्लोअरला झाकणाची खिडकी केली आणि मागच्या फळीत तळाला पितळी ड्रेन प्लग बसवला. फायबर मॅट, रेझिन, हार्डनर, प्लग मिळून २९०० रुपये.

इथली चूक : सकाळी थंडी होती म्हणून मला वाटलं हार्डनर जास्त लागेल, अंदाजानं ओतला. प्लास्टिकच्या मगात अर्धा लिटर रेझिन. मॅटवर दोन हात मारले तोवर हातातला मग गरम, नंतर कढत, नंतर धूर, आणि मगाचं बूड मऊ होऊन वाकलं. बाहेर फेकला अंगणात. रेझिन थोडं थोडंच कालवा, हार्डनर मापानंच, भांडं पसरट घ्या, उंच मगात साठवलं की स्वतःच्याच उष्णतेनं पेटायला येतं. ६०० रुपयांचं रेझिन आणि घरातला मग गेला, मगाबद्दल जास्त ऐकून घ्यावं लागलं.

२२ डिसेंबर

मोटरची उंची. पंख्याच्या वर जी आडवी चपटी प्लेट असते ती बोटीच्या बुडाच्या रेषेत पाहिजे, फार तर इंचभर वर. बुडाला सरळ पट्टी लावून मोजलं, आमची अडीच इंच वर! आधीच्या कुठल्या तरी मालकानं फळी झिजली म्हणून वर सागवानी पट्टी ठोकलेली, दीड इंचाची. तीन वर्षं आम्ही तिला पॉलिश मारत होतो. काढली, मोटर दीड इंच खाली. भोकं नवीन, जुनी भरून सील. बोल्ट आणि सीलंट ४८०.

मोटरच्या कलाची पिन एक भोक आत घेतली, म्हणजे पंखा जरा बोटीकडं वळला आणि नाक आपोआप दबलं.

पेट्रोलटाकी मागनं काढून मधल्या फळीखाली, दीड मीटर पुढं. त्यासाठी लांब नळी आणि क्लिपा, ९५०. इथं अर्धा दिवस गेला. मोटर सुरू व्हायची, दोन मिनिटांनी मरायची. पंपाचा रबरी फुगा दाबला तर कडक होईना. शेवटी कळलं एका क्लिपेतनं हवा ओढतीय, पेट्रोल बाहेर गळत नाही म्हणून दिसत नव्हतं. साबणाचं पाणी लावून फुगा दाबला तेव्हा बुडबुडे. एवढी हवा पंख्यानं खाल्ली, आता मोटरनं पण.

२९ डिसेंबर

मी आणि पुतण्या, बाकी काही नाही. ५४००, ३७ किमी. वळताना हवा नाही. उड्या अजून आहेत, बारीक, एका ठरावीक वेगालाच.

२० लिटरचे चौकोनी कॅन घेतले, चार, १६०० रुपये. दोन कॅन नाळेच्या फळीखाली, तोंडापर्यंत भरून, पट्ट्यानं आवळून : उड्या गेल्या, ५२००, ३९ किमी. चारी भरले : काही फायदा नाही, स्पीड ३७ वर. म्हणून दोनच. ५२०० ला हिशेबानं ५१ किमी येतात, आपल्याला ३९ मिळतात, एक चतुर्थांशाच्या आत घसरण. १० नोव्हेंबरला निम्म्याच्या वर होती. घाटावर येऊन दोघांनी मिसळ खाल्ली, बिल तालमीच्या खात्यात टाकलं नाही.

दोनशे लिटरच्या पिंपाचं आणि एकशे वीस किलो बिडाचं काम चाळीस किलो पाण्यानं केलं.

१२ जानेवारी

सात माणसं घालून ट्रायल. माणसं असली की कॅन रिकामे करायचे, माणसं हेच वजन. तालमीची पोरं हौसेनं आली, सगळीच्या सगळी मागं माझ्याजवळ बसली, जुलैत पण अस्संच झालं होतं. मोटर ३६०० ला दबली, नाक वर. दोघांना उठवून नाळेत पाठवलं, दोघं मध्ये, आणि जो सगळ्यात जाड (तो वाचतोय, नाव नाही घेत) त्याला डावीकडनं बरोबर मध्ये. ४७००, बोट उचलली आणि पळाली. कुणी जागेवरनं उठून मागं वळला की आवाजात लगेच कळतं.

मध्येच परत किंचाळली! माझ्या पोटात गोळा, म्हटलं सगळं पाण्यात गेलं. बंद करून मोटर वर घेतली तर पंख्याला केंदाळाचं (जलपर्णीचं) हे भलं मोठं वेटोळं. मुळं पातीच्या बुडाशी पिळून बसलेली, कोयता लागला. मोटरच्या मागनं बारीक धार पडते थंड पाण्याची, ती पण निम्मी झालेली, वेळेत थांबलो. तर, हवा खातीय असं वाटलं की पहिल्यांदा मोटर वर करून बघा, वजनाचं गणित मग.

१९ जानेवारी

फळ्यांवर पिवळ्या ऑइलपेंटनं बसायच्या जागांचे आकडे टाकले, १ ते ८. भरायचा क्रम तोच : १ आणि २ मध्ये, ३ आणि ४ नाळेकडं, मागच्या जागा सगळ्यात शेवटी. रंग १८० रुपये. कॅनच्या पट्ट्यांची बकलं आत्ताच गंजायला लागलीत, स्टीलची घ्यायची आहेत. उरलेला फोम मे महिन्यात.

रंग वाळत होता तेव्हा शेजारच्या आज्जी येऊन बघून गेल्या. जुलैत बोटीत त्याच होत्या, मांडीवर बोचकं घेऊन, एकदम मागं माझ्या पायाशी. म्हटलं आज्जी, ह्या वेळी तुमची जागा ३ नंबर, नाळेला. त्यांनी आकडा बघितला, नाळ बघितली. म्हणाल्या, "पुढं पाणी उडतंय रं बाळा, मी आपली तुझ्याजवळच बसतो."